शब्दाचा शेवट

वाचकहो, घरातील एखादा जुना वैद्यकीय अहवाल काढून पाहा. आर्थ्रायटिस, गॅस्ट्रायटिस, ब्राँकायटिस यांपैकी एखादा शब्द त्यात बहुधा सापडेल. 'आयटिस' हा प्रत्यय ग्रीक भाषेतून आला असून वैद्यकात त्याचा अर्थ दाह असा होतो. शब्दाचा आरंभ अवयव सांगतो आणि शेवट त्या अवयवाचे काय झाले ते सांगतो. 'आर्थ्रॉन' म्हणजे सांधा. म्हणून आर्थ्रायटिस हा सांध्याचा दाह. शेवटी 'आल्जिया' असेल तर वेदना, 'एक्टमी' असेल तर तो भाग शस्त्रक्रियेने काढणे, 'स्कोपी' असेल तर आत डोकावून पाहणे. एवढे चार प्रत्यय ओळखीचे झाले, की अहवालाची निम्मी भीती ओसरते.

हे प्रत्यय मी वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. माझ्या वडिलांनी, अप्पांनी, ते स्क्रॅबलच्या पटावर आत्मसात केले. इंग्रजीचे निवृत्त शिक्षक असलेले अप्पा आज ८२ वर्षांचे आहेत. दर रविवारी सायंकाळी आमचा डाव रंगतो. खेळातील १०० सोंगट्यांत 'आय' ९ असतात. दोन 'आय' एकदम हाती आले, की नवखा खेळाडू वैतागतो. अप्पा मात्र सोबत 'टी' आणि 'एस' आहेत का ते पाहतात, 'आयटिस' जुळवून बाजूला ठेवतात आणि त्याच्या आधी काय लावता येईल ते शोधतात. 'सी', 'ओ', 'एल' मिळाले, तर 'कोलायटिस' तयार! सातही सोंगट्या एका खेळीत लागल्याचे ५० गुण अधिक. "पेशंट तुझे, गुण माझे," असे म्हणून ते हसतात.

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारी ते सोंगट्यांकडे नुसतेच पाहत राहिले. "ते... आपलं ते..." एवढेच शब्द फुटले. उजव्या हातातील सोंगटी निसटून पडली. दहा मिनिटांत वाणी पूर्ववत झाली. "वयामुळे होतं गं. तू खेळ," ते म्हणाले. खरे सांगते, क्षणभर मलाही तसेच मानावेसे वाटले. परंतु त्यांचे नेहमीचे अडखळणे मला ठाऊक होते. हे ते नव्हते. डाव तसाच सोडून आम्ही रुग्णालय गाठले. मेंदूच्या एका भागाचा रक्तपुरवठा काही मिनिटे खंडित झाला होता. हृदयाचे ठोके अनियमित आढळले आणि त्यानुसार उपचार सुरू झाले.

आपणही हे ध्यानी ठेवावे. एखादे नाव न आठवणे आणि बोलता बोलता वाणी एकाएकी अडखळणे या वेगळ्या गोष्टी आहेत. तोंड वाकडे होणे, एका हातातील शक्ती जाणे, बोलणे अस्पष्ट होणे, यांपैकी काहीही अचानक घडले तर वेळ टिपून ठेवा आणि लगेच १०८ क्रमांकाला फोन करा. लक्षणे नाहीशी झाली म्हणून थांबू नका; त्यानंतरचे पहिले दोन दिवस पक्षाघाताच्या दृष्टीने विशेष धोक्याचे असतात. गुठळी विरघळवणारे औषध सामान्यतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. स्कॅन होईपर्यंत घरातील ॲस्पिरिन देऊ नका. कारण रक्तस्रावही असू शकतो.

शब्दखेळ हे काही औषध नव्हे. स्मृतिभ्रंश त्याने टळेलच, असे वचन मी देणार नाही. मात्र रोज सोबत खेळणाऱ्याला आपल्या माणसातील बदल लवकर जाणवतो. इंग्रजी येत नसेल तर 'दार'ने संपणारे मराठी शब्द घ्या: दुकानदार, भाडेकरूंचा लाडका थकबाकीदार! घड्याळ लावू नका, ज्येष्ठांची परीक्षा घेऊ नका.

आमचा तो अर्धवट पट मी हलवला नव्हता. तीन आठवड्यांनी अप्पांनी डाव पूर्ण केला. मी हरले.