चालीवर सही नाही

रात्रीचे साडेअकरा वाजले की वारज्याच्या महामार्गावरचे ट्रक एकेकटे ऐकू येऊ लागतात. दिवसभर नुसता गलका. आता ज्याची त्याची पट्टी वेगळी. माळवाडीकडचे टाळ केव्हाच थांबलेले. गॅलरीत बसून मी संगीतकार आनंद मोदक लावतो, आणि दर वेळी अडतो ते इथेच: यात मोदक कुठे आहेत?

चाल ओळखीची, पण चालीवर सही नाही. शेजारच्या आजी नातवाला झोपाळ्यावर घेऊन ‘चौकट राजा’ चित्रपटातलं झोक्याचं गाणं गुणगुणतात. संगीत कुणाचं, विचारलं तर म्हणाल्या, “खळ्यांचं असेल ना रे?”

संगीत मोदकांचं. अकोल्याकडून पुण्यात आलेला, बँकेत नोकरी करणारा हा माणूस १९७४मध्ये थिएटर अकॅडमीच्या ‘महानिर्वाण’ नाटकाला संगीत देत होता, तेव्हा जेमतेम तेविशीत होता. त्यातला मेलेला भाऊराव स्वतःच्याच मरणाचं कीर्तन लावतो. जुनं स्मशान बंद झालंय, याला मात्र तिथंच जळायचंय. सतीश आळेकरांचा हा अचाट खेळ चंद्रकांत काळे गात ते अस्सल कीर्तनी ढंगात. चालीत टिंगल आली असती तर प्रेक्षक दहा मिनिटं खिदळला असता आणि पुढे कंटाळला असता. मोदकांनी कीर्तनाचा आब राखला. म्हणून हसता हसता घशाशी काहीतरी येतं.

१९९२च्या ‘एक होता विदूषक’ चित्रपटात कवी महानोरांचे शब्द आणि तमाशाच्या फडावरची ढोलकी, तिथेही ठसका फडाचा, संगीतकाराचा नव्हे. मग ‘मुक्ता’, ‘दोघी’, ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’... नावं घेत बसलो तर पहाट होईल.

त्यांना अष्टपैलू म्हणतात. मला तो शब्द खटकतो. पैलू पाडलेला खडा कुठूनही पाहा, स्वतःच चमकतो. मोदक बाजूला सरकत. गाणारा मेलेला आहे, फडावर उभा आहे की ‘चौकट राजा’तल्यासारखा मनाने लहानच राहिलेला आहे, एवढं विचारून घेत आणि त्याच्याच गळ्यात चाल ठेवून निघून जात. मे २०१४मध्ये गेलेही.

परवा आजींना खरं नाव सांगितलं. “असं होय,” म्हणाल्या, आणि पायाने रेटा देऊन पुन्हा तेच गुणगुणू लागल्या. वरच्या स्वराला दम पुरला नाही. तिथे झोपाळ्याची कडी कुरकुरली.