पेटीवरचं नाव

देवगडच्या आमच्या घरी आंब्याच्या खोलीत दारामागे पत्र्याचा एक साचा खिळ्याला अडकवलेला असायचा. पत्रा कापून त्यात आजोबांच्या नावाची दोन आद्याक्षरं काढलेली आणि खाली 'देवगड'. पेटी भरली, वर पेंढा दाबला, फळ्या ठोकल्या की बाबा तो साचा पेटीवर धरायचे आणि मी लाल रंगाचा कुंचला त्यावरून फिरवायचे. साचा उचलला की लाकडावर नाव उमटलेलं असे. हा आमचा मार्का. त्या पेट्या आधी क्रॉफर्ड मार्केटला जायच्या, पुढे वाशीला जाऊ लागल्या. काही दिवसांनी दलालाकडून पट्टी यायची, तिच्यावरून काय भाव लागला ते कळायचं. आमचा आंबा कुणी खाल्ला, हे मात्र कधीच कळलं नाही. मुंबईत पेटी फुटली की फळ्यांचं सरपण होत असणार आणि त्याबरोबर नावही जळत असणार, असं मला लहानपणी वाटायचं आणि वाईट वाटायचं.

खाणाऱ्यापर्यंत हे नाव पोचवायचं, एवढ्याच हट्टापायी मी 2004 साली आमच्या बागेची वेबसाइट केली. तेव्हा मी पुण्यात नोकरीला होते. मजकूर मराठीतच हवा होता. त्या काळात मराठीचे बरेच फॉन्ट असे होते की रोमन अक्षरांच्या जागांवरच देवनागरीची चित्रं बसवलेली असत. वाचणाऱ्याने आधी फॉन्ट उतरवून घ्यायचा, मग त्याला 'हापूस' दिसायचा. शोधयंत्राला मात्र तिथे रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता काला दिसे. दोन मोसम गेले, एकही ऑर्डर आली नाही. साइट होती, सुंदर होती आणि कुणालाही सापडण्याजोगी नव्हती. तिसऱ्या वर्षी सगळा मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केला. त्या एप्रिलमध्ये डोंबिवलीहून एका बाईंचा फोन आला, "आंबे तुमच्याच बागेतले ना?" आमचं नाव वाचून फोन करणारं ते पहिलं माणूस. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "फळ चांगला आसला तर गिऱ्हाईक आपसून येतला." दोन वर्षं ते आपसूक आलं नव्हतं, हे मी त्यांना बोलले नाही.

मग माझा लोभ वाढला. लोक हापूस शोधतात ते इंग्रजी लिपीत, आणि प्रत्येकाची स्पेलिंग वेगळी. कुणी एक ए लिहितो, कुणी दोन, कुणी मध्ये यू घालतो, कुणी दोन ओ. त्या सगळ्या स्पेलिंग मी पानाच्या तळाला पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहून ठेवल्या, माणसाला दिसू नयेत आणि यंत्राला दिसाव्यात म्हणून. ही लबाडी आहे हे मला तेव्हाही कळत होतं. वरच्या थरात मोठी फळं आणि खाली बारकी असं भरणाऱ्याला आमच्याकडे काय म्हणतात, ते मला चांगलं ठाऊक होतं.

त्याहून मोठी चूक पुढे झाली. नोकरीमुळे वेळ मिळेना, म्हणून साइटचं काम एका माणसाला दिलं. त्याने इंग्रजी मजकूर दुसरीकडून उचलून टाकला आणि शंभरेक फालतू साइट्सवरून आमच्याकडे येणाऱ्या लिंका पैसे देऊन घेतल्या. यामागचा विचार समजून घेण्यासारखा आहे. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्डमध्ये असताना मांडलेली मूळ कल्पना अशी, की ज्या पानाकडे इतर चांगली पानं बोट दाखवतात ते पान महत्त्वाचं. म्हणजे चार जाणत्यांनी "आंबे यांच्याकडून घ्या" म्हणावं, तसं. आम्ही ते बोट दाखवणारे भाड्याने आणले. वर्षभर बरं चाललं. पण उचललेल्या मजकुराची पानं खाली टाकणारा 'पांडा' नावाचा बदल गूगलने 2011 च्या एप्रिलमध्ये जगभरच्या इंग्रजी शोधाला लावला होता आणि विकतच्या लिंकांवरचा 'पेंग्विन' 24 एप्रिल 2012 ला आला. पंचांग काढून बघा, त्या दिवशी अक्षय्य तृतीया होती.

आंबेवाल्यालाच कळेल याचा अर्थ काय ते. कित्येक घरांत अक्षय्य तृतीयेला नैवेद्य दाखवल्याशिवाय आंबा तोंडात घालत नाहीत. त्या दिवसापासून मागणी उसळते. आमचा सगळा धंदा तीन महिन्यांचा, त्यातले खरे दिवस पंचवीस-तीस. त्या दिवसांत आमचं पान शोधात कुठे उरलंच नाही. आढीत आंबे पिकत होते, फोन वाजत नव्हता. शेवटी दीडशे पेट्या वाशीला पाठवल्या, पडेल त्या भावाला. बाबा काही बोलले नाहीत. पण त्या रात्री मी माझी साइट प्रथमच गिऱ्हाइकाच्या डोळ्यांनी वाचली आणि तिच्यात आमच्या बागेबद्दल एकही खरं वाक्य मला सापडलं नाही.

पावसाळ्यात बसून मी सगळं पुसलं. विकतच्या लिंका काढून टाकायला दिवाळी उजाडली. मग बाबांना समोर बसवून विचारलं, गिऱ्हाईक दारात आलं तर तुम्ही त्याला काय सांगाल? ते सांगत गेले, मी लिहीत गेले. पाच डझनाच्या पेटीतला आंबा केवढा असतो. आढी कशी लावायची, पिकायला किती दिवस लागतात, फ्रिजमध्ये कच्चा का ठेवू नये. आणि साका. हापूसच्या गरात पांढरट, स्पंजासारखा भाग निघतो तो साका, वरून कितीही पाहिलं तरी कळत नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूसच्या संकरातून 1981 मध्ये 'रत्ना' काढला, त्यात साका होत नाही. पण हापूस खायचा तर ही जोखीम आलीच. विकणारा हे सहसा बोलत नाही. बाबांनी स्वच्छ लिहायला लावलं, "साका निघू शकतो. निघाला तर फोटो पाठवा, फळ बदलून देऊ." आमच्या साइटवर सर्वांत जास्त वाचलं गेलेलं पान तेच, आजही.

पुढचे बदल सोसायला सोपे गेले. मोबाइलवर नीट न दिसणाऱ्या पानांना मागे टाकणारा बदल 21 एप्रिल 2015 ला आला, पुन्हा नेमकी अक्षय्य तृतीयाच. पण त्याची तारीख गूगलने फेब्रुवारीतच जाहीर केली होती आणि झाडावर कैऱ्या असतानाच आम्ही तयारी उरकली. 2018 मध्ये कोकणातल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हा ते काय, कोणत्या पाच जिल्ह्यांना, आणि कर्नाटकातला आंबा देवगडच्या नावाने का विकता येत नाही, हे आम्ही सोप्या मराठीत लिहिलं. मार्च 2020 च्या टाळेबंदीत पुण्या-मुंबईच्या सोसायट्या थेट बागायतदारांना शोधू लागल्या, तेव्हा त्यांना आम्ही सापडलो. त्या वर्षी एकही पेटी वाशीला गेली नाही.

शेजारच्या बागायतदारांना मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते, की पत्ता स्वतःचा घ्या. गूगलने 2017 मध्ये छोट्या व्यावसायिकांसाठी फुकट वेबसाइट देऊ केल्या होत्या आणि मार्च 2024 मध्ये, म्हणजे आंब्याच्या तोंडावर, त्या बंद केल्या. फुकटच्या जागेवर बांधलेलं घर दुसऱ्याच्या मर्जीवर उभं असतं.

ऑगस्ट 2024 पासून आपल्या देशात शोधाच्या वर यंत्राने लिहिलेलं उत्तर येऊ लागलं आहे, सुरुवातीला इंग्रजी आणि हिंदीत. 'हापूस कसा ओळखावा' असं विचारलं की उत्तर तिथेच मिळतं, खाली कुणाच्या पानावर उतरायची गरज उरत नाही. अनेकांना याची धास्ती आहे, मलाही होती. पण यंदा आमच्या वरच्या बागेत मोहोर उशिरा का आला, थंडी किती दिवस टिकली, तुडतुड्याने किती खाल्लं, पहिली तोड कधी आणि भाव काय, हे कुठलंही यंत्र आपल्या मनाने सांगू शकत नाही. ते कुणीतरी आधी लिहावं लागतं. म्हणून जानेवारीपासून दर रविवारी मी बागेतल्या चार ओळी लिहिते, तारखेसकट. बाबा आता थकलेत, पण ओळी वाचून दाखवल्याशिवाय पुढे जाऊ देत नाहीत. गेल्या मोसमात फोन करणाऱ्या बहुतेकांनी त्या ओळींचाच विषय काढला.

बागायतदार बंधू-भगिनींनो, तुमचं पान दुसऱ्याकडून लिहून घेऊ नका. बोलता तसं मराठीत लिहा, साक्याचंही लिहा. आणि झाडावर मोहोर असतानाच लिहायला बसा. पेट्या भरायला लागलात की मग वेळ मिळणार नाही.