शनिवारची सुट्टी

आमच्या अलिबागेकडे बेने इस्रायल लोकांना पूर्वी ‘शनवार तेली’ म्हणत. शनिवारी त्यांचा घाणा बंद! पण घाणा बंद राहिला तर फार तर एखाद्या घरचे तेल अडेल. ग्रीसमधल्या थेस्सालोनिकीचे अख्खे बंदर एके काळी शनिवारी बंद असे, हे वाचून मात्र मी चाटच पडलो. तिथे हमालांपासून पेढीवाल्यांपर्यंत ज्यूंचाच भरणा होता. १४९२ साली स्पेनने हाकललेल्या ज्यूंना तुर्की सुलतानाने आसरा दिला आणि त्यांची स्पॅनिश बोली या धक्क्यावर चारशे वर्षे नांदली.

१९१२ साली शहर ग्रीसकडे आले. १९२३च्या करारानंतर तिथले मुसलमान तुर्कस्तानात गेले, तिकडचे ग्रीक निर्वासित इकडे आले. केमाल अतातुर्कचे जन्मघर तेवढे मागे राहिले.

मी तिथे गेलो तो मुद्दाम शनिवारी. धक्क्यावर ही गर्दी! कॉफीची दुकाने भरलेली. तिथून विद्यापीठात गेलो. ते उभे आहे ज्यूंच्या दफनभूमीवर. ३ लाखांहून अधिक थडगी होती. १९४२ साली ती उखडली आणि दगड बांधकामांना वापरले. पुढच्याच वर्षी नाझींनी ४५ हजारांवर माणसे आगगाड्यांत कोंबून छळछावण्यांकडे, बहुतेक सारी ऑश्विट्झला, धाडली. परतली ती फारच थोडी.

हिरवळीवर मुले गप्पा मारीत बसली होती. मला पुढे पाऊल टाकवेना. मी बूट काढून हातात घेतले.

“पाय दुखतात का, आजोबा?” एका मुलीने इंग्रजीत विचारले.

मी नुसती मान हलवली.