मागचा कागद

गुरुवार, ४ जुलै २०२४

भोसरी एमआयडीसीला आज सुट्टी. इतर सहा दिवस माणसं दुखणं अंगावर काढतात आणि गुरुवारी दवाखाना गाठतात. सकाळी नऊलाच बाकडी भरली होती. प्रेसवर काम करणाऱ्या एका पोराचा अंगठा पाच दिवसांपूर्वी कापलेला. आत पू झालेला, धनुर्वाताचं इंजेक्शनही घेतलेलं नाही. "त्याच दिवशी का नाही आलास?" म्हटलं, तर मान खाली घालून म्हणाला, "खाडा पडतो, डॉक्टर."

शनिवार, ६ जुलै

रात्री साडेआठनंतरची गर्दी. आठला बारा तासांची शिफ्ट सुटते आणि लोक डब्याच्या पिशवीसकट इथे येतात. जुलाबाचा एक पेशंट सलाईनच लावा म्हणून हटून बसला. जीभ ओली, लघवी व्यवस्थित, प्यायलेलं पाणी पोटात टिकत होतं. ओआरएसची पुडी दिली, लिटरभर पाण्यात कशी मिसळायची ते दाखवलं. तो नाराज होऊन गेला. सलाईनच्या निमित्ताने तासभर आडवं व्हायला मिळतं, विश्रांतीची सोय दुसरी कुठे नाही, हे मला कळतं. तरी गरज नसताना सुई टोचणार नाही.

मंगळवार, ९ जुलै

आजचा दिवस विसरता येणार नाही.

फाउंड्रीत काम करणारा, हिंगोलीकडचा, तिशीतला माणूस. खोकला पाडव्यापासून, म्हणजे तीन महिने. संध्याकाळी कणकण, वजन ४९ किलो. "आधी कुणाला दाखवलं?" खिशातून चार चिठ्ठ्या काढल्या. दिघी रोडपासून लांडेवाडीपर्यंत चार दवाखाने. एकीवर खोकल्याचं औषध, दुसरीवर लेव्होफ्लॉक्सासिन. या गोळीने क्षयाचे जंतू काही दिवस दबतात, ताप उतरतो, बरं वाटतं आणि निदान लांबतं. तिसरीवर पुन्हा अँटिबायोटिक. चौथीवरचा शिक्का माझा होता. मे महिन्यातला.

मी त्याला तपासलं होतं, औषध दिलं होतं. खोकला किती दिवसांचा, हे विचारलं नव्हतं. बाहेर पंचवीस माणसं होती, हे कारण मला पुरत नाही.

नाव नोंदवलेलं नसलं तरी कुणीही थेट आत यावं, पैसे कमी असले तरी तपासून घ्यावं, म्हणून मी हा दवाखाना काढला. ते दार उघडंच राहिलं पाहिजे. पण त्या दारातून माणूस प्रत्येक वेळी नवा म्हणून आत येतो. चार डॉक्टरांनी त्याला चारदा पहिल्यांदाच पाहिलं.

थुंकीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे लिहून महापालिकेच्या वायसीएम रुग्णालयात पाठवलं. ओपीडी सकाळची, म्हणजे पुन्हा खाडा. त्याच्या सुपरवायझरला मीच फोन केला. अर्धा दिवस मिळाला, पगार कापून.

शुक्रवार, १२ जुलै

त्या सकाळच्या ओपीडीवरून आठवलं. १ मे २०२३ ला राज्यभर सरकारी 'आपला दवाखाना' सुरू झाला, तेव्हा त्याची वेळ दुपारी २ ते रात्री १० ठेवली होती. त्या योजनेतलं मला सर्वांत पटलेलं कलम तेच. कामगारांच्या गावात दवाखान्याची वेळ शिफ्टवरून ठरली पाहिजे.

गुरुवार, १८ जुलै

फाउंड्रीतल्या त्या माणसाचा रिपोर्ट आला. क्षयरोग. रिफाम्पिसिनला दाद देणारा आहे, म्हणजे सहा महिन्यांत बरा होईल. खासगी डॉक्टरलाही क्षयरुग्णाची नोंद कळवणं २०१२ पासून सक्तीचं आहे, ती केली. औषधं सरकारी, फुकट. पोषणासाठी दर महिन्याला पैसे खात्यात येतील. फाउंड्रीची धूळ छातीत आहे, म्हणून सिलिकोसिससाठीही एक्स-रे छातीच्या डॉक्टरांकडून पाहून घ्यायला सांगितलं.

मग त्याची पगाराची स्लिप पाहिली. १६,००० वर ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, १२० रुपये दर महिन्याला कापलेले. एकाच ठेकेदाराकडे तीन वर्षं. दोन वर्षांची सलग नोकरी आणि वर्गणीची अट पुरी असेल, तर क्षयासाठी ८० टक्के पगाराइतका आजार-भत्ता दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. चिंचवडला मोहननगरात कामगार विमा रुग्णालय आहे. त्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं. "कार्ड?" "नाही दिलं, सर." विमा क्रमांक स्लिपवर छापलेला होता. मी तो मोठ्या अक्षरांत लिहून दिला.

गुरुवार, २५ जुलै

रात्रभर पाऊस. नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. दापोडीहून तिघे आले, कमरेइतक्या पाण्यातून सामान काढलेले, पायांना चिरा. लेप्टोस्पायरोसिस होऊ नये म्हणून डॉक्सिसायक्लिन दिलं, ताप आला तर त्याच दिवशी या म्हणून बजावलं.

रविवार, ४ ऑगस्ट

शंभर पानी वह्यांचा गठ्ठा आणला आहे. प्रत्येक पेशंटला एक. तारीख, तक्रार किती दिवसांची, वजन, दिलेलं औषध. पुढचा डॉक्टर कुणीही असो, त्याला वाचता यावं म्हणून औषधांची नावं सुट्या अक्षरांत.

फाउंड्रीतला तो क्षयाचा पेशंट रात्री पावणेनऊला आला. ताप नाही. वजन ५० किलो. त्याच्या बायकोची आणि लहान मुलाची तपासणी या आठवड्यात व्हायची आहे.

भोसरीतल्या माझ्या लोकांनो, कुठल्याही दवाखान्यात जा, पण मागचा कागद सोबत न्या. आणि खोकला दोन आठवड्यांचा झाला असेल, तर डॉक्टरने विचारायची वाट पाहू नका. तुम्हीच आधी सांगा.