वटवट्याची पत्रिका

'वटवट्या' हे नाव ज्याने प्रथम एखाद्या पाखराला ठेवले, त्याचे कान चांगले शाबूत असले पाहिजेत. इंग्रजीत ज्यांना वॉर्बलर म्हणतात त्या बारक्या, चुळबुळ्या, सतत काहीतरी बोलत राहणाऱ्या पाखरांचे हे आपल्याकडचे नाव. मराठीचा प्राध्यापक म्हणून ते मला आवडते. आणि गेली अठरा वर्षे पोटासाठी वटवट करणारा इसम म्हणून त्या जमातीविषयी मला थोडा बंधुभावही वाटतो. (हे वाक्य आमच्या सौभाग्यवतींना वाचून दाखवले, तेव्हा 'थोडा' या शब्दावर त्यांनी हरकत घेतली.)

आज मात्र सांगायचे आहे ते अमेरिकेतल्या एका वॉर्बलरविषयी. आपल्या वटवट्यांशी त्याचे नाते फक्त नावापुरते. कूळ अगदी वेगळे. तरीही मी त्याला पिवळा वटवट्याच म्हणणार. अंगावर हळद सांडल्यासारखा रंग, आणि वजन सुमारे दहा ग्रॅम. म्हणजे आपल्या टपालखात्याच्या सर्वांत स्वस्त पाकिटात असे दोन जण बसतील. उन्हाळ्यात हा अलास्का-कॅनडापासून खाली संयुक्त संस्थानांपर्यंत घरटी बांधतो आणि थंडी आली की मध्य अमेरिकेत किंवा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागात निघून जातो. याच्या घरट्यात काउबर्ड नावाचा पक्षी, आपल्या कोकिळेप्रमाणे, चोरून अंडे घालून जातो. मग वटवट्याची मादी कधीकधी काय करते, तर त्या अंड्यावर नवा तळ विणून घरट्याला दुसरा मजला चढवते! आपली स्वतःची अंडीही त्याखाली गाडली जातात, पण तिचा इलाज नसतो. पुन्हा चोरी झाली की पुन्हा मजला. असे सहा-सहा मजले मोजलेले आहेत. इतक्या चिवट प्राण्याची कोणाला काळजी वाटावी, हे मला प्रथम खरेच वाटेना.

ही काळजी आमच्या घरात आणली माझ्या भाचीने. ती जनुकशास्त्रात एम. एस्सी. करते आणि शिक्षणासाठी आमच्याकडेच राहते. तिच्या लग्नाचा विषय आता घरात निघू लागला आहे, आणि माझी आई, म्हणजे तिची आजी, अधूनमधून तिची पत्रिका काढून बसते. अशाच एका संध्याकाळी भाची म्हणाली, "आजी, माझी पत्रिका राहू दे. मी तुला एका पक्ष्याची पत्रिका सांगते."

पक्ष्याच्या पेशीपेशीत डीएनएचा धागा कुंडली घालून बसलेला असतो, तेव्हा हा शब्दप्रयोग अगदीच अस्थानी नव्हता. त्या धाग्यावरचा मजकूर अवघ्या चार अक्षरांत लिहिलेला असतो आणि पक्ष्यांच्या बाबतीत तो साधारण शंभर कोटी अक्षरांचा भरतो. या साऱ्या मजकुराला म्हणतात जीनोम. (सबंध मुळाक्षरे हाताशी असून आमच्या विद्यार्थ्यांची निबंधाची चार पाने भरत नाहीत, हे येथे सहज आठवले.)

रेचेल बे, क्रिस्टन रुएग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर अमेरिकेतल्या २१ ठिकाणच्या दोनशेंहून अधिक पिवळ्या वटवट्यांचा हा मजकूर तपासला. शेजारी त्या त्या ठिकाणचा पाऊस, तिथली उष्णता मांडली. तेव्हा दिसून आले, की काही अक्षरे हवामानाबरोबर, विशेषतः पावसाबरोबर, पालटत जातात. त्यांतली काही अक्षरे अशा दोन जनुकांच्या आसपासची आहेत, की ज्यांचा संबंध इतर पक्ष्यांत नवी जागा धुंडाळण्याच्या वृत्तीशी जोडला गेलेला आहे. त्यांचा शोधनिबंध जानेवारी २०१८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला.

मला यातली सगळ्यांत जवळची वाटली ती ही पावसाची गोष्ट. दिसायला तेच पाखरू, तोच पिवळा अंगरखा. पण ओल्या मुलखातले वेगळे आणि कोरड्या मुलखातले वेगळे! आपली मराठी एकच, परंतु मालवणी माणसाच्या तोंडी पावसाला जितके शब्द असतील तितके माणदेशी माणसाच्या तोंडी कशाला असतील? त्याला दुष्काळाचे शब्द अधिक लागतात. प्रमाणभाषेचे व्याकरण वाचून हा फरक कळत नाही. पूर्वी शास्त्रज्ञ पुष्कळदा असेच प्रमाण व्याकरण वापरीत: अमुक जातीला अमुक हवामान मानवते, हवामान उत्तरेकडे सरकले की पाखरूही सरकेल, काढा नकाशा. त्या नकाशात जातीचे सगळे पक्षी सारखेच धरलेले असत. या मंडळींनी बोलीभाषा ऐकल्या, एवढाच काय तो फरक. पण तो मला फार मोठा वाटतो.

पुढची पायरी भविष्याची. येत्या काही दशकांत एखाद्या ठिकाणचे हवामान जसे होईल असा अंदाज आहे, तशा हवामानात आजच्या हिशेबाने कोणती अक्षरे किती प्रमाणात असायला हवीत? आणि आज तिथल्या पक्ष्यांत ती किती आहेत? या दोहोंतले अंतर जितके मोठे, तितका त्या ठिकाणच्या पक्ष्यांना धोका मोठा. याला त्यांनी नाव दिले 'जनुकीय असुरक्षितता'.

"म्हणजे आमचे साडेसातीसारखेच की," आई म्हणाली. तिच्या स्वरात विजय होता.

"आजी, तुझ्या साडेसातीचा पडताळा कोणी घेतलाय का?" भाची म्हणाली.

आणि पडताळ्याची हकिगत तर मला मूळ शोधाहूनही सुरस वाटते. अमेरिकेत १९६६ साली चॅन्डलर रॉबिन्स या पक्षितज्ज्ञाने विणीच्या हंगामातल्या पक्ष्यांची एक पाहणी सुरू केली. सुमारे चाळीस किलोमीटरचा रस्ता ठरवायचा, त्यावर पन्नास ठिकाणी थांबायचे, दर ठिकाणी तीनच मिनिटे उभे राहून जे दिसेल-ऐकू येईल ते टिपायचे. मोजणारी माणसे बहुतेक हौशी, बिनपगारी. पहाटे उठून कोणाच्याही सांगण्याशिवाय पाखरे मोजणारी. अशी दशकानुदशकांची टिपणे जमली होती. त्यांच्याशी ही पत्रिका ताडून पाहिली, तर ज्या ठिकाणच्या पक्ष्यांचे अंतर सर्वांत मोठे निघाले, तिथलीच संख्या सर्वांत अधिक घटलेली आढळली. उद्याचे म्हणून जे सांगितले होते, ते काही ठिकाणी बहुधा कालच सुरू झालेले होते.

या भाकितावर सर्वांनी माना डोलावल्या असेही नाही. त्याच वर्षी त्याच नियतकालिकात दुसऱ्या काही शास्त्रज्ञांनी हिशेबाच्या रीतीवर आक्षेप घेतले आणि मूळ लेखकांनी त्यांना उत्तर दिले. मलाही एक शंका आहेच. आज जो पक्षी जिथे आहे, तिथल्या हवेशी तो अगदी नीट जुळलेलाच आहे, असे यात गृहीत धरलेले असते. आपण तरी कुठे असतो? तरीपण आक्षेप छापून यावेत आणि उत्तरही छापून यावे, ही रीत ज्योतिषात असती तर पुष्कळ लग्ने वेळेवर झाली असती.

शिवाय हे ध्यानात घ्या, की पिवळा वटवट्या ही दुर्मीळ जात नव्हे. सगळे मिळून ते कोट्यवधी भरतील. जगातल्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत त्याच्यापुढे 'फारशी चिंता नाही' असाच शेरा आहे. पण वर्गाचा सरासरी निकाल उत्तम लागला, म्हणून मागच्या बाकावरच्या मुलांचे काय झाले हे कळत नाही. आमच्या धंद्यात हे रोजचे आहे. पाखरांची एक वस्ती गुपचूप मिटते आणि जात मात्र कागदोपत्री सुखरूप राहते. तिच्याबरोबर ती बोलीही जाते, जी कदाचित उद्याच्या कोरड्या दिवसांत कामी आली असती.

मी भाचीला विचारले, "अंतर मोठे निघाले म्हणजे संपलेच का सगळे?"

तेव्हा तिने दुसऱ्या पक्ष्याची गोष्ट सांगितली. नैर्ऋत्य अमेरिकेतला विलो माशीमार नदीकाठच्या झाडोऱ्यात राहतो. ते काठ उजाड होत गेले आणि १९९५ मध्ये त्याला संकटग्रस्त ठरवावे लागले. कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो भागात शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मारून संग्रहालयात ठेवलेले काही माशीमार होते. त्यांचा डीएनए काढून आजच्या पक्ष्यांशी ताडला, तेव्हा २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात असे दिसले, की मधल्या काळात हवामानाशी संबंधित अक्षरे बदललेली आहेत, आणि तीही बदलत्या हवेला सोयीची अशी. शेजारच्या वस्त्यांतले पक्षी येऊन मिसळल्याने हे घडले असावे, असा त्यांचा कयास आहे.

"म्हणजे सोयरीक झाली," आई चष्मा काढून म्हणाली. पत्रिका तिने केव्हाच मिटली होती. "कोणी जमवली?"

"कोणी नाही. आपली आपण उडत आली."

"आणि वाटेत उतरायला झाडे नसती तर?"

"म्हणून तर नदीकाठची झाडे राखायची, आजी," भाची म्हणाली. "कोणत्या वस्तीला शेजाऱ्याची गरज आहे तेवढे आम्ही सांगू शकतो. झाडे दुसऱ्या कोणीतरी लावायची असतात."