घनमीटरचा हिशेब मी का सोडला

रोपवनातली विरळणी स्वतःचा खर्च स्वतः भागवत असेल तरच करावी, असं माझं अनेक वर्षं ठाम मत होतं. बैठकांत मी ते मांडलं, टिपणांत लिहिलं, हाताखालच्या वनरक्षकांना शिकवलं. आता नेमकं उलट बोलतो, तेव्हा जुने सहकारी विचारतात, हे काय नवीन? त्यांना उत्तर द्यायला हवं. पण आधीचं मत बिनबुडाचं नव्हतं, म्हणून पहिल्यांदा त्याचीच बाजू सांगतो.

काम चंद्रपूर-गडचिरोलीकडचं, सागाच्या रोपवनांचं. दोन बाय दोन मीटरवर लावणी केली की हेक्टरी २५०० रोपं बसतात. इतकी झाडं शेवटपर्यंत ठेवायची नसतातच. रीत अशी, की बऱ्या जमिनीवर पाचव्या वर्षाच्या सुमारास एकाआड एक तिरकी ओळ काढून १२५० ठेवायची, मग काही वर्षांनी पुन्हा, आणि त्यापुढे झाड बघून. मी म्हणायचो, पहिली विरळणी पुढे ढकला. बल्ली विकण्याजोगी होऊ द्या.

त्यामागं साधं गणित होतं. छातीच्या उंचीला १० सेंटीमीटर जाड आणि ८ मीटर उंच झाड घ्या. निमुळतेपणा धरला तर त्यात जेमतेम ०.०३ घनमीटर लाकूड भरतं. म्हणजे एका घनमीटरसाठी तीसहून जास्त झाडं पाडायची. तेच झाड २० सेंटीमीटर जाड आणि १५ मीटर उंच झालं, की चार-पाच झाडांत घनमीटर होतो. मजुराचा वेळ काही त्या प्रमाणात वाढत नाही. झाडापर्यंत जायचं, बुडाजवळचं रान साफ करायचं, तोडायचं, फाटे छाटायचे, तुकडे वाटेपर्यंत वाहायचे. झाड बारीक आहे म्हणून यातलं काहीही चुकत नाही. फिनलंड-स्वीडनमध्ये तर एका पकडीत अनेक खोडं धरणारी यंत्रं वापरतात, तरी तिथंही लहान झाडाचा घनमीटर महागच पडतो. मग थोडं थांबलं तर काय बिघडलं?

काय बिघडतं ते एका दाट रोपवनात दिसलं. खूण केलेलं झाड तोडलं, बुडापासून सुटलं, पण खाली आलं नाही. शेजारच्या दोन झाडांच्या शेंड्यांत अडकून उभंच राहिलं. दोघा मजुरांनी खांदा लावून ते फिरवलं, बूड मागे मागे ओढत नेलं, तेव्हा कुठं ते फांद्या मोडत आडवं झालं. पुढच्या झाडाचं तेच. त्याच्या पुढच्याचंही तेच. “साहेब, झाडाला पडायला जागा तरी पाहिजे ना,” त्यांच्यातला वयस्क माणूस म्हणाला. थांबल्यानं वेळ वाचेल असं माझं गृहीतक होतं. इथं थांबल्यामुळेच वेळ जात होता, आणि अडकलेल्या झाडाखाली माणसं उभी राहत होती, हे त्याहून वाईट.

मग मी खुंटांकडे वाकून पाहिलं. सागाची वार्षिक वलयं स्पष्ट दिसतात. मधली पहिली काही वलयं चांगली रुंद होती. सालीकडची इतकी दाटीवाटीनं बसलेली, की मोजताना नख टेकवावं लागत होतं. शेंडे एकमेकांना भिडले आणि झाडं भरायची थांबली; नुसती उंच जात राहिली. माझ्या कागदावर १० सेंटीमीटरचं झाड थांबलं की २० चं होत होतं. रानात तसं होत नव्हतं. ज्या जाडीची मी वाट पाहत होतो, ती वाट पाहण्यामुळेच येत नव्हती.

खरा प्रश्न भागाकाराचा आहे, हे मला त्यानंतर उमगलं. खर्चाला घनमीटरनं भागलं, की तोडलेलं लाकूड हे उत्पादन ठरतं. विरळणीत उत्पादन म्हणजे मागे उभी ठेवलेली झाडं. मनगटाएवढं झाड असताना एक-दोन घावांत काम होतं. ते तिथंच टाकायचं, फाटे नाहीत, मोजणी नाही, वाहतूक नाही, आगार नाही. हेक्टरी खर्च सर्वांत कमी तेव्हाच येतो. पण विकायला लाकूड शून्य, म्हणून घनमीटरच्या हिशेबात हीच वेळ सर्वांत वाईट दिसते. कपाशीची विरळणी करताना उपटलेल्या रोपाला भाव काय, असं कुठलाही शेतकरी विचारत नाही. आम्ही मात्र विचारत होतो, आणि तेही अंदाजपत्रकात रकाना आखून.

व्याजाचा आक्षेप मी आजही हलका मानत नाही. पाच टक्क्यांनी ५० वर्षांत एका रुपयाचे साडेअकरा होतात. आज खर्चलेल्या रुपयानं तेवढं कमवायला हवं. पण सागाचा दर घेरावर ठरतो. जागा मिळालेलं झाड वरच्या घेराच्या वर्गात लवकर पोचतं, म्हणजे वाट पाहण्याची वर्षं कमी होतात. व्याज मग माझ्या जुन्या मताच्याच विरोधात उभं राहतं.

आणखी एक गोष्ट हिशेबात कधी आलीच नाही. बाजारात न खपणारी बारीक बल्ली गावात लागते, कुंपणाला, मांडवाला. निस्ताराची, म्हणजे घरच्या गरजेपुरतं जंगलातून घेण्याची, जुनी परंपरा असलेल्या या भागात ती कुजू देण्यापेक्षा लोकांना मिळावी, असं मला मनापासून वाटतं. आणि धान कापून झाल्यावर, मोह पडायच्या आधी, विरळणीच्या कामाची रोख मजुरी हातात येणं म्हणजे काय, हे तिथल्या घरांत विचारावं.

सगळीकडे पाचवं वर्ष धरा, असं मात्र मी म्हणणार नाही. मुरमाड, उथळ जमिनीवर शेंडे उशिरा भिडतात. तिथं कॅलेंडर नको, शेंडे पाहा. शिवाय साग खुंटातून जोमानं फुटतो. पावसाळ्यानंतर ते फुटवे काढायला माणसं पुन्हा पाठवावी लागतात आणि तो खर्च विरळणीच्याच खात्यात लिहायला हवा. तो धरूनही बऱ्या जमिनीवर मी लवकरच्या विरळणीच्याच बाजूचा आहे. अंदाजपत्रकात तिची जागा तोडणीखाली नको, निंदणीशेजारी हवी.