खातेबदल

१.
आईची आणि माझी मिळून खाती पाच बँकांत. सगळी एका बँकेत आणायचं ठरलं. ठरवलं मी. आईने एवढंच विचारलं, "आणि नेमकी तीच बुडाली तर?"

२.
ठेवींवरचा विमा एका ठेवीदाराला एका बँकेत पाच लाखांपर्यंत, मुद्दल आणि व्याज धरून. त्याच बँकेच्या दहा शाखांत पैसे ठेवले तरी बेरीज एकच. १९९३ पासून २०२० पर्यंत ही मर्यादा एक लाख होती. पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३ साली निर्बंध आले, २०२२ साली परवाना गेला. आईने विम्याचे नियम कधी वाचलेले नाहीत. पेपर मात्र रोज वाचते.

३.
पाचांतलं एक खातं देना बँकेत उघडलेलं. १ एप्रिल २०१९ ला ते बँक ऑफ बडोदाचं झालं. आम्ही काहीच केलं नव्हतं. पाटी बदलली, चेकबुक बदललं, शिपाई तोच.

४.
खातं बंद करायच्या अर्जात कारणाचा रकाना दोन बोटं रुंद. 'गैरसोय' लिहिलं. काउंटरवरच्या बाईंनी ते खोडून 'वैयक्तिक' लिहायला लावलं.

५.
मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर झाली जानेवारी २०११ मध्ये. बँक खात्याच्या नंबराचंही तसं व्हावं, असं रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर मुंद्रा २०१७ साली म्हणाले होते. ब्रिटनमध्ये २०१३ पासून सात कामाच्या दिवसांत चालू खातं नव्या बँकेत जातं, बांधलेल्या हप्त्यांसकट.

६.
पैसे हलवले रविवारी रात्री, मालिकेच्या ब्रेकमध्ये. ब्रेक संपायच्या आत दोन्ही बँकांचे मेसेज.

७.
पैसे गेले, बाकीचं जागचं हललं नाही. आईची फॅमिली पेन्शन. गॅसची सबसिडी. एलआयसी, माझी एसआयपी, लाइट बिल, सोसायटीचा मेंटेनन्स. कुठल्याशा कंपनीचा डिव्हिडंड, जो वर्षातून एकदा येतो आणि ज्यात दोन माणसांचा वडापावही होत नाही.
पासबुक वर्षभराचं वाचावं लागतं. महिन्याच्या नोंदी कुणालाही दिसतात, वर्षाच्या नोंदी लपून बसतात. मेअखेरीस कापलेले वीस रुपये असेच दिसले: पंतप्रधान सुरक्षा विमा, अपघाताला दोन लाख. खातं बंद केलं की तोही बंद. वीस रुपये आहेत म्हणून कुणी आठवण करून देत नाही.

८.
तोवर खाती सहा झाली होती. नवं उघडलं, जुनं एकही बंद नव्हतं.

९.
सही जुळेना. साहेबांनी स्क्रीन आमच्याकडे फिरवली. आईची १९८४ सालची सही, शेवटच्या अक्षराखाली ऐटीत ओढलेली रेघ. "छान करायचे की मी," आई म्हणाली. नवी सही नोंदवायचा अर्ज घेतला. त्यावर एक चौकट नव्या सहीला, एक जुन्या सहीला.

१०.
रांगेतले एक आजोबा, माझ्याकडे बघून: "पैसे काढताय की भरताय?" म्हटलं, दोन्ही नाही. ते एक पाऊल लांब सरकले.

११.
एका खात्यावर अजून बाबांचं नाव पहिलं. आयदर ऑर सर्व्हायव्हर असल्यामुळे इतकी वर्षं कुठे अडलं नव्हतं. मृत्यूचा दाखला मूळ दाखवायचा, झेरॉक्स द्यायची. मूळ परत देताना साहेब म्हणाले, "लॅमिनेट नका करू हं. अजून बऱ्याच ठिकाणी लागेल."

१२.
पीपीएफ बंद करावं लागत नाही. जुनी बँक मूळ अर्ज, नमुना सही, नॉमिनेशन आणि शिल्लक नव्या बँकेकडे धाडते. पंधरा वर्षांची मोजणीही पहिल्या तारखेपासूनच राहते. या सगळ्यात खरोखर 'हललेलं' खातं एवढं एकच. बाकीची इथे मेली, तिथे जन्मली.

१३.
एफडी मुदतीआधी मोडल्या तर व्याज कमी मिळतं. आकडेमोड करून दाखवली: फरक किरकोळ. आईने कागद परत दिला. एफडी मोडायच्या नसतात.

१४.
लॉकर. नव्या बँकेत वेटिंग लिस्ट. जुन्या बँकेत लॉकर ठेवायचा तर भाडं कापायला तिथे खातं हवं. राहिलं.

१५.
१ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार नॉमिनी लावता येतात, प्रत्येकाचा टक्का लिहून. नव्या बँकेतल्या मुलाने हे उत्साहाने सांगितलं. आई म्हणाली, "एकच लिही रे बाळा. चार लिहिले तर मला जिवंतपणीच ऐकून घ्यावं लागेल."

१६.
त्याच मुलाने सही व्हायच्या आत आरोग्य विम्याचं पत्रक पुढे केलं. आईचं वय विचारलं आणि पत्रक मागे घेतलं.

१७.
दहा वर्षं हात न लागलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होतात. मागायला आलात तर मिळतात. २०२३ पासून 'उद्गम' नावाच्या पोर्टलवर शोधता येतात. बाबांच्या नावाने काही निघालं नाही. आईच्या माहेरच्या नावाने एका राष्ट्रीयीकृत बँकेत एक नोंद निघाली. चष्मा लावून तिने नाव दोनदा वाचलं.
"कॉलेजात उघडलं होतं. तुझ्या बाबांना नव्हतं सांगितलं."
काढून आणूया म्हटलं.
"कशाला? असू दे एक."